होडीच्या तळाशी खोबरेल

लग्न होऊन देवबागला आले तेव्हा मला पाणी माहीत होतं ते फक्त भातशेतातलं. माझं माहेर इन्सुलीच्या बाजूचं, हमरस्त्यापासून बरंच आत. आमच्याकडे पाणी मोजायचं ते पायावर. घोटाभर, पोटरीभर, आणि गुडघ्याला लागलं की बांध फोडायला धावायचं. इथे घराच्या पुढच्या दारी समुद्र आणि मागच्या दारी खाडी. पहिले काही महिने मला धड झोप लागली नाही. सासूबाई अख्ख्या वाडीला सांगत, "आमची सून उशाखाली चपला घेवन निजता. पाणी इला तर पळाक." ते खोटं होतं, पण फार खोटं नव्हतं.

माहेराहून मी काय आणलं असेल तर सावंतवाडीच्या आयटीआयमधला वायरमनचा कोर्स. वाडीतले पंखे, मिक्सर, इस्त्र्या हळूहळू आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, येऊन पडू लागल्या आणि मला सून म्हणून थोडी किंमत आली. नवरा गोव्यात होड्या-बोटी दुरुस्त करणाऱ्या एका यार्डात वेल्डिंग करायचा. शनिवारी रात्री यायचा, सोमवारी पहाटे जायचा. म्हणजे घरात उरलो आम्ही तिघं: सासूबाई, मी आणि बाबा. बाबा म्हणजे सासरे.

बाबा तांडेल. होडीवर ज्याचा शब्द चालतो तो तांडेल. उभं आयुष्य जाळी ओढण्यात गेलं. मग गावात पाहुणे यायला लागले, तेव्हा त्यांनी एक फायबरची होडी केली. मागे इंजिन, वर निळं ताडपत्रीचं छप्पर, दोन्ही बाजूंना बाकडी. खाडीच्या मुखातून बाहेर जायचं, डॉल्फिन दाखवायचे, परत यायचं. ऐकायला सोपं आहे. पण मुखाशी पाण्याखाली वाळू असते, आणि दर पावसाळ्यात ती आपली जागा बदलते. आदल्या वर्षीची वाट यंदा नसते. बाबा ती वाट पाण्याच्या रंगावरून ओळखायचे. पिवळट दिसलं की खाली पुळण, हिरवं दिसलं की वाट. शंका आली तर शिशाचा गोळा बांधलेली दोरी सोडायची आणि दोन्ही हात पसरून ओढून घ्यायची. दोन हात पसरले की एक वांव. तीन वांव, दोन वांव, असं ते पाण्याचं माप.

शाळेत मी 'वाव' शब्द शिकले होते तो वेगळा. सुधारणेला वाव आहे, विद्यार्थिनीच्या गुणांना वाव द्यावा, असं काहीतरी प्रगतिपुस्तकावर असायचं. या घरात वांव म्हणजे होडीखालचं पाणी. नंतर मला वाटायला लागलं की दोन्ही शब्दांत तसा काही फरक नाही.

दोन हजार सात-आठचा सुमार असेल. बाबांना दिसायचं कमी झालं. काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, थेंब घाला, आहे ते टिकेल, गेलं ते येणार नाही. गेलं होतं ते नेमकं रंगातलं. माणूस दिसायचा, होडी दिसायची, ताटातला बांगडा दिसायचा. पण उन्हात पाण्यावर चकाकी आली की पिवळं आणि हिरवं त्यांना एकच होई. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. डिसेंबरच्या गर्दीत, ओहोटीच्या वेळी, पुण्याकडचं एक कुटुंब होडीत असताना ते आपसूकच कळलं. होडी भर दुपारी वाळूवर चढली.

मी त्या दिवशी सरबताच्या बाटल्या द्यायला म्हणून होडीत होते. इंजिन घरघरलं आणि वाळू उडवू लागलं. पाणी गुडघाभरसुद्धा नव्हतं. पाहुण्यांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. पोरं धपाधप उड्या मारून उतरली, बायकांनी फोटो काढले, एक काका म्हणाले, "वा, समुद्राच्या मधोमध उभं राहायला मिळालं!" सगळे हसत होते. बाबा होडीच्या मागे कमरेत वाकून ती ढकलत होते आणि त्यांनी एकदाही मान वर केली नाही. मी ढकलायला त्यांच्या शेजारी गेले. त्यांचा चेहरा बघितला आणि मला रडू आलं, ते मी खाऱ्या पाण्यावर ढकललं.

रविवारी नवऱ्याने जेवताना विषय काढला. "बाबा, आता पुरे. ह्यो सीझन संपलो की होडी इकून टाकूया."

बाबा भात कालवत राहिले. सासूबाईंनी विचारलं, "आणि तेनी काय करूचा? खळ्यात बसान कावळे मोजूचे?"

"मगे काय करूचा ता तू सांग. उद्या कोणाचा पोर बुडला तर?"

नवरा चुकीचं बोलत नव्हता, म्हणून तर मला त्याचा इतका राग आला. होडी गेली की बाबा गेले, हे मला भिंतीवरच्या घड्याळाएवढं स्वच्छ दिसत होतं. मरणार नाहीत. पण वाडीतले एकदोन म्हातारे तांडेल मी बघितले होते, नुसते बसलेले, सकाळी ज्या बाजूला तोंड त्याच बाजूला संध्याकाळी. त्या ओळीत बाबांना बसवायला मी तयार नव्हते.

नवऱ्यानेच मागे कधीतरी सांगितलं होतं की यार्डात मोठ्या लोकांच्या हौशी बोटींवरची जुनी यंत्रं काढून टाकतात. त्यांत पाण्याची खोली सांगणारंही असतं. मी म्हटलं, "ता माका आणून दी."

"तुका येता ता बसवूक?"

"मिक्सर दुरुस्त करूक तरी खंय कोणी शिकयलेला?"

हसला, पण पुढच्या खेपेला आणलं. हातात मावेल असा एक डबा, त्याला छोटी काच, काचेत आकडे. सोबत भोवऱ्याएवढा काळा गोळा, त्याला वायरीचं लांबलचक शेपूट. तो भोवरा होडीच्या तळाशी बसवायचा. तो खाली आवाज सोडतो, आवाज तळाला आपटून परत येतो, त्याला किती वेळ लागला त्यावरून यंत्र खोली सांगतं. विहिरीत हाक मारली की खोल विहिरीतून ती उशिरा परत येते, तसंच. हे मी बाबांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे बोंब मारूची आणि कान देवचो. बरा आसा." मग विचारलं, "आणि ह्या बसयतलंस खंय?"

"तळाक एक भोक..."

"भोक?" बाबा ताडकन उठले. "होडयेक आपल्या हातान भोक? माझ्या जिवात जीव आसा तोपर्यंत नाय!"

एवढ्या दिवसांत त्यांचा तो चढा आवाज मी पहिल्यांदा ऐकला आणि खरं सांगते, मला बरं वाटलं.

भोक न पाडताही जमतं, असं यंत्राबरोबरच्या इंग्रजी कागदावर होतं. फायबर भरीव असलं तर आवाज त्यातून आरपार जातो. अडतो तो हवेला. भोवरा आणि तळ यांच्यामध्ये हवा अजिबात राहता कामा नये. म्हणून तळाला आतून एक नळकांडं चिकटवायचं, त्यात तेल भरायचं आणि भोवरा तेलात बुडवून ठेवायचा. जागा शोधायला बाबा आणि मी होडीत ओणवे झालो. ते बोटाच्या पेराने तळ ठोकत पुढे सरकायचे, मी मागून पेन्सिलीने खुणा करायची. कुठे भरीव आवाज येई, कुठे पोकळ. इंजिनाच्या फार जवळ नको, तिथे पाण्यात बुडबुडे असतात. फार पुढे नको, होडी पळताना नाक उचलते. शेवटी मागच्या बाकड्याखाली जागा ठरली. पीव्हीसी पाइपाचा वीतभर तुकडा कापून मी तो फायबरच्या रेझिनने तळाला डकवला. यंत्राच्या डब्याला इडलीपिठाच्या जुन्या डब्याचं घर केलं, पुढे खिडकी कापून. एका टोकाला बॅटरी, मध्ये फ्यूज, आणि वायर काठाकाठाने क्लिपा मारून आणली. हे काम माझं होतं, त्यात मी कोणाला बोट घालू दिलं नाही.

राहिलं तेल. कागदावर तेलाचं जे नाव होतं ते मला कळलं नाही. नवऱ्याला फोन केला, तो म्हणाला, कुठलंही स्वच्छ तेल चालेल. आता आमच्या घरात तेल म्हणजे खोबरेल. केसांना खोबरेल, माशाला खोबरेल, देवाला खोबरेल. मी बाटली घेऊन निघाले तशा सासूबाई म्हणाल्या, "घाल, घाल. होडयेक पण केस येतले."

दुपारी होडी पाण्यात लोटली, बटण दाबलं. काचेवर आकडा आला. अकरा. मी किंचाळले, "बाबा, अकरा फूट!"

"फूट माका सांगा नुको. वांव सांग."

"एक वांव म्हणजे सहा फूट, म्हणजे..."

"कोणाचे सहा?" बाबा म्हणाले. "मी माझ्या हातान मोजतंय."

घरी आल्यावर त्यांना खळ्यात उभं केलं. त्यांनी दोन्ही हात पसरले. मी एका बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत टेप लावला. सव्वापाच फूट भरले. बाबा उंचीला बेताचेच. सासूबाई पायरीवरून म्हणाल्या, "इतक्याशा मापान इतको मोठो समुद्र मोजलो तुमी?" बाबा हात पसरलेले तसेच ठेवून हसले. मी सव्वापाचाचा पाढा डोक्यात बसवला आणि कामाला लागले.

रविवारी सकाळी नवऱ्याला दाखवायचं ठरलं. जानेवारीतली सकाळ, जमिनीवरून गार वारा सुटलेला, रात्रभर होडी वाळूवर ओढून ठेवलेली. सासूबाईसुद्धा आल्या, शाल गुंडाळून. जाळ्याच्या होडीवर त्यांनी जन्मात पाय ठेवला नव्हता. बायकांनी ठेवायचा नसतो. पण ही होडी पाहुण्यांची, म्हणून चालेल, असा निकाल त्यांनीच देऊन टाकला. बाबांनी होडी वळवायचा इंजिनाचा दांडा धरला, मी बटण दाबलं. काचेवर आकड्यांच्या जागी दोन आडव्या रेघा लुकलुकत होत्या. बंद केलं, चालू केलं. रेघा. वायरी हलवून पाहिल्या, फ्यूज पाहिला. रेघाच. मुख जवळ आलं.

"झाला खेळान?" नवरा म्हणाला. वाईट आवाजात नव्हे, दमलेल्या आवाजात.

बाबांनी होडी वळवली आणि किनाऱ्याला लावली. मला वाटलं, संपलं सगळं. त्या दिवशी घरातली भांडी मी अशी काही आपटली की सासूबाईंनी दोन टोप माझ्या हातातून काढून घेतले.

दुसऱ्या दिवशी नवरा गेल्यावर मी केस विंचरायला बसले. खिडकीतली तेलाची बाटली उपडी केली. काही येईना. हातावर आपटली. आत पांढरं, तुपासारखं घट्ट. दरवर्षी थंडीत तेल थिजतं, दरवर्षी आपण बाटली उन्हात ठेवतो, आणि माझ्या डोक्यात हा साधा विचार येऊ नये! मी बाटली तिथेच टाकली आणि धावले.

"केस मोकळे सोडून खंय धावतंस गो?" मागून सासूबाई ओरडल्या.

नळकांड्याचं झाकण उघडलं. आतलं खोबरेल थिजून पांढरं झालं होतं, आणि थिजताना आकसून भोवऱ्यापासून सुटलं होतं. मध्ये हवा. यंत्र बोंब मारत होतं, पण ती बाहेरच पडत नव्हती. मी ते तेल बोटांनी खरवडून काढलं आणि वाळूत बसून एकटीच हसत सुटले. बाबा काठी टेकत आले तेव्हा मी त्यांना नुसता तो पांढरा गोळा दाखवला. त्यांनी तो दोन बोटांत चुरला, वास घेतला आणि तेही खाली बसून हसायला लागले. किती तरी दिवसांनी ते पोट धरून हसले.

त्याच दिवशी एरंडेल आणलं. एरंडेल थंडीत थिजत नाही. सासूबाईंना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आता होडी जुलाब करतली."

पुढच्या रविवारी नवरा होडीत येईना. त्याला वेळ घालवायचा नव्हता. सासूबाई म्हणाल्या, "मी म्हातारी येतंय, आणि तू तिचो घोव असान येणस नाय?" तेव्हा आला. मुद्दाम ओहोटीचीच वेळ धरली, कारण भरतीला कोणीही जाईल. आकडे यायला लागले आणि मी वांव सांगायला लागले. तीन. तीन. अडीच. मुखाशी आलो तसं दोन. दीड. पुढे एक. मग यंत्र पीं-पीं करायला लागलं. तो इशारा मीच चार फुटांवर लावून ठेवला होता. बाबांनी इंजिन मंद केलं.

"रंग कसो आसा?"

मी उभी राहिले. उन्हावर हात धरून बघितलं. यंत्राला फक्त खालचं कळतं, पुढचं नाही. पुढचं बघायला डोळेच लागतात, आणि बाबांच्या शेजारी बसून बसून माझे डोळे आता नुसते भातशेतातले राहिले नव्हते. "उजवीकडे पिवळो. डावीकडे हिरवो." बाबा थांबलेच होते. त्यांना कोणी कधी दिशा सांगितलेली नव्हती आणि मला ती सांगायची सवय नव्हती. होडीत माझं सगळं घर बसलं होतं. मी म्हटलं, "बाबा, डावीकडे घ्या."

त्यांनी घेतली. लगेच, काही न विचारता. यंत्र गप्प झालं. एक. दीड. दोन. आणि मग आकडे भराभर वाढू लागले आणि आम्ही बाहेर मोकळ्या समुद्रात होतो. सासूबाईंनी नमस्कार केला. समुद्राला की यंत्राला ते विचारलं नाही.

परत फिरताना बाबा दांड्यावरून उठले. मला वाटलं, पाय अवघडले असतील. त्यांनी माझा हात धरून दांड्यावर ठेवला.

"आता तू धर."

"माका जमाचा नाय, बाबा."

"वांव तुका दिसतत, रंग तुका दिसता. मी कित्याक धरू?" ते चाचपडत पुढच्या बाकड्यावर जाऊन बसले. मला त्यांचा भयंकर राग आला. त्यांची जागा राखायला मी हा सगळा उपद्व्याप केला होता, आणि हे आपणच उठून चालले होते.

मुखाशी मागून लाटा येतात. वांव पुरेसे असले तरी लाटेची वेळ चुकली तर होडी आडवी होते. मी काचेकडे बघू, पुढे बघू की मागे बघू, मला कळेना. तेवढ्यात पुढून आवाज आला, "रव... रव... ही जावन दी... आता सोड!" मी थांबले, एक लाट पुढे जाऊ दिली आणि इंजिन सोडलं. होडी लाटेच्या पाठीवरून अलगद आत आली. बाबांनी मागे वळूनही पाहिलं नव्हतं. बाकड्यातून, पाठीतून, त्यांना लाट कळत होती. माझा राग तिथेच गेला. मी वांव सांगत राहिले, ते लाटा सांगत राहिले.

किनाऱ्याला लागल्यावर नवरा बराच वेळ वायरी बघत बसला होता. मग म्हणाला, "ही बॅटरी पुराची नाय. दुसरी आणतंय." होडी विकायचा विषय त्यानंतर त्याने काढला नाही.

त्या आठवड्यात पाहुणे आले, कोल्हापूरकडचे. मी परवान्याचं वगैरे अजून काही केलं नव्हतं, ते पावसाळ्यात रीतसर केलं. तोपर्यंत वाडीतला एक परवानेवाला भाऊबंद दांड्यावर असे आणि आम्ही दोघं होडीत. पुढच्या सीझनला, पावसानंतरच्या पहिल्या फेरीला, मी दांड्याशी आणि बाबा पुढच्या बाकड्यावर होते. पाण्याखालच्या वाळूने परत जागा बदललेली. होडीत चढता चढता एका बाईंनी आधी माझ्याकडे बघितलं, मग बाबांकडे, आणि जरा घाबरूनच विचारलं, "आजोबा, तांडेल कुठे आहेत?"

तांडेल शब्दाला आमच्याकडे बाईचं रूप नाही. कधी लागलंच नाही. बाबांनी अंगठा मागे माझ्याकडे केला.

"ह्यो आमचो तांडेल. माझी सून."

बाई थोड्या गोंधळल्या. "आणि तुम्ही?"

"मी?" बाबा बाकड्यावर नीट सरसावून बसले. "मी आसंय ना!"

मी इंजिन चालू केलं.